मग ते रक्त कोणाचं?

रक्त घेण्याआधी समोरच्या माणसाला त्याचं नाव विचारायचं असतं. "तुम्ही पाटील का?" असं विचारायचं नाही. "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं म्हणायचं आणि गप्प राहायचं. लॅबमध्ये नव्या मुली आल्या की पहिल्या दिवशी मी त्यांना हेच शिकवायचे, आणि त्यांना वाटायचं, या बाईंचं आपलं काहीतरीच. पण दवाखान्यात आलेला माणूस कशालाही मान हलवतो. तो घाबरलेला असतो, त्याला ऐकू कमी येत असतं, किंवा आपला नंबर जाईल अशी धास्ती असते. एकदा एका नव्या मुलीला पटवून द्यायला मी समोर बसलेल्या सत्तरीच्या आजोबांना विचारलं, "सुलोचना आपणच ना?" आजोबांनी मान हलवली आणि बाही वर केली.

दुसरा धडा पोटाचा. "उपाशीपोटी आलात ना?" असंही विचारायचं नाही. सगळे हो म्हणतात. "सकाळपासून पोटात काय काय गेलं?" असं विचारलं की खरं बाहेर येतं. चहा. चहाबरोबर दोन बिस्किटं. गोळी घ्यायची होती म्हणून अर्धी पोळी. त्यात खोटं बोलायचा कोणाचा हेतू नसतो. प्रश्नातच उत्तर घालून दिलं की माणूस तेच परत देतो, एवढंच.

यंदाच्या अंकासाठी चिकित्सक विचारावर लिहा, असं मला सांगितलं गेलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं. मी विचारवंत नाही. भांडुपला एका खाजगी लॅबमध्ये तेहतीस वर्षं टेक्निशियन होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. माणसांचं रक्त घ्यायचं, मशीनमध्ये लावायचं, काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं आणि जे दिसेल ते कागदावर लिहायचं, हे माझं काम. पण मग वाटलं, या विषयावर लिहायचा हक्क मला एका वेगळ्या कारणाने आहे. त्या कारणाकडे येते. आधी थोडं कामाबद्दल सांगते.

लोकांना वाटतं मशीन आकडा देतं आणि आम्ही तो छापतो. मशीन आकडा देतं हे खरं. त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवण्यासाठी आम्हाला पगार होता. एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांचं पोटॅशियम इतकं जास्त आलं की त्या आकड्याचा माणूस खाटेवर असायला हवा, त्याच्या हृदयाचे ठोके चुकत असायला हवेत. हे गृहस्थ बाहेर बाकावर मेथीच्या दोन जुड्या मांडीवर घेऊन बसले होते. कागद एक म्हणतोय आणि माणूस दुसरं. अशा वेळी थांबायचं. मी नळ्या बघितल्या. आमच्याकडे जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून एक क्षार घातलेला असतो, आणि त्या क्षारात पोटॅशियम असतं. नव्या मुलीला एका नळीत रक्त कमी वाटलं म्हणून तिने जांभळ्या नळीतलं थोडं त्यात ओतलं होतं. काटकसर केली बिचारीने. परत रक्त घेतलं, पोटॅशियम अगदी बरोबर आलं. काका मेथी घेऊन घरी गेले. कारण सापडलं, नळी सापडली, कोणी काय केलं ते सापडलं. तेव्हाच ते प्रकरण मिटलं असं मी मानलं. पुढच्या गोष्टीसाठी हे लक्षात ठेवा.

मला ही सवय वडिलांकडून आली. ते वाशीमकडून येऊन भांडुपच्या एका कारखान्यात लागले होते. यंत्रावर तयार झालेला भाग मापात आहे की नाही ते बघायचं त्यांचं काम. घरात कोणी काही बोललं की त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे, "कशावरून?" शेजारणीने आईवर करणी केली असं आत्या म्हणाली, तर "कशावरून?" मी पहिली येणार असं मी म्हटलं, तरीही "कशावरून?" लहानपणी मला त्या शब्दाचा राग यायचा. पुढे त्याच शब्दावर मी नाव कमावलं. अमुक रिपोर्ट सुनंदाने बघितलाय ना, मग झालं, असं डॉक्टर म्हणू लागले. त्याचा मला अभिमान होता, आणि तो मी लपवतही नसे.

आणि एक होते आमचे कारलेकाका. खरं नाव सांगत नाही. मुलुंडहून यायचे, साखर तपासायला. तीन आठवडे कारल्याचा रस घेऊन साखर कशी उतरली, हे त्यांनी बाकावरच्या सगळ्यांना रिपोर्ट फिरवून दाखवलं होतं. मी विचारलं, "काका, डॉक्टरांची गोळी बंद केली होती का?" तर म्हणाले, "छे, ती चालूच होती. उलट डोस वाढवलाय." साखर वाढलेली निघाली की ते आमच्या मशीनला नावं ठेवायचे आणि दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन परत तपासून घ्यायचे. उतरलेली निघाली की आमच्यासारखी लॅब पूर्व उपनगरात नाही. चांगला आलेला रिपोर्ट त्यांनी कधी दुसरीकडे तपासला नाही. आम्ही त्यांना खूप हसलो. मी सगळ्यात जास्त हसले.

आता इंदूमावशींकडे येते.

इंदूमावशी लॅबमधल्या मदतनीस. देवगडकडच्या. नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर काही वर्षांनी तो गेला. पदरात शैला ही एकच मुलगी. मावशी लॅब झाडायच्या, नमुने वरच्या मजल्यावर पोचवायच्या, बाहेरची रांग सांभाळायच्या आणि रडणाऱ्या मुलांना अशा काही मालवणी दमदाट्या द्यायच्या की मुलं रडायचं विसरून त्यांच्याकडे बघत बसत. मी नोकरीला लागले तेव्हा त्या आधीपासून होत्या. डॉक्टर सोडले तर मला अगंतुगं करणारी लॅबमधली ती एकटी बाई. माझ्या डब्यातली भाकरी त्या खायच्या, त्यांच्या डब्यातलं माशाचं सार मी. अठ्ठावीस वर्षं.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता मावशींना थकवा जाणवायला लागला. वरच्या मजल्यावर नमुने न्यायचे तर मध्येच कठड्याला धरून थांबायच्या. मी म्हटलं, चला, रक्त बघू. एका सकाळी गर्दीतच त्यांना खुर्चीत बसवलं आणि रक्त घेतलं.

नियम असा की नळीवर नाव चिकटवायचं ते माणूस खुर्चीतून उठायच्या आत, त्याच्यासमोर, त्याच्या तोंडून नाव ऐकून. मावशींना नाव काय विचारायचं? तेवढ्यात बाहेर रांगेत दोघांची जुंपली आणि मावशी हाताला कापूस दाबून तशाच उठून गेल्या. मी नळी ॲप्रनच्या खिशात टाकली. आपल्याच मावशी, लावू नंतर नाव. पुढच्या खुर्चीत ऋतुजा नावाची मुलगी आली. चोवीस-पंचवीस वर्षांची, सोबत आई. तिला पवईत नोकरी लागली होती आणि कंपनीला तपासणीचे कागद हवे होते. लग्नही ठरलेलं. तिने नाव सांगितलं, मी रक्त घेतलं, आणि नळीत चढणारं रक्त बघून तिला घेरी आली. मी एका हाताने तिचं डोकं धरलं आणि दुसऱ्या हाताने नळी खिशात टाकली. तिला पाणी पाजलं, आईकडे दिलं, मग टेबलापाशी येऊन दोन्ही नळ्या बाहेर काढल्या आणि दोन्हींवर नावं चिकटवली. दोन्ही जांभळ्या टोपणाच्या. आपण काही चुकतोय असं मनाला शिवलंसुद्धा नाही, आणि त्याचीच मला आज जास्त लाज वाटते.

दुपारी मशीनने ऋतुजाच्या नावावर पांढऱ्या पेशी ऐंशी हजारांवर दाखवल्या. अकरा हजारांपर्यंत ठीक मानतात. मी काचपट्टी करून बघितली. सगळीकडे मोठ्या, कोवळ्या पेशी, ज्या रक्तात असायलाच नकोत. रक्ताचा कर्करोग बघितलेल्या माणसाला ते ओळखायला वेळ लागत नाही. मी आमच्या पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर मॅडमना बोलावलं. त्यांनी बघितलं आणि विचारलं, "ही मुलगी चालत आली होती?"

"हो. गाल लालबुंद होते मॅडम."

"नमुना बदलला नाही ना कोणाशी?"

"नाही. मी स्वतः घेतलाय."

हे उत्तर मी विचार करून दिलं नव्हतं. ते माझ्या नावाने दिलं होतं. मॅडमनीही माझं नाव बघून ते घेतलं.

ऋतुजाला परत बोलावलं. नमुना गोठला असं फोनवर सांगितलं होतं, पण आईला वास लागलाच. परत रक्त घेतल्यावर आई बाकावर बसून राहिली, जाईना. मावशींनी तिला पाणी आणून दिलं आणि शेजारी बसल्या. मी आतून ऐकत होते. "बसा गो बाय," मावशी तिला सांगत होत्या. "आमची सुनंदा दोनदा बगता, म्हणान चुकत नाय."

दुसरा रिपोर्ट स्वच्छ आला. पेशी सात हजार, सगळं जागच्या जागी. मी बाहेर जाऊन आईला सांगितलं की आधी जरा वेगळं दिसलं होतं, आता सगळं व्यवस्थित आहे. ती बाई माझा हात धरून रडली. मॅडम म्हणाल्या, "सुनंदा, तू थांबवलंस म्हणून. नाहीतर त्या मुलीचं लग्न मोडलं असतं." मला फार बरं वाटलं.

पहिल्या रिपोर्टचं काय झालं असेल, यावर आम्ही बोललो, नाही असं नाही. त्याच दिवशी दुसऱ्या एका जुन्या कर्करोगाच्या पेशंटच्या काचपट्ट्या टेबलावर होत्या. त्यातलीच एक मी चुकून बघितली असेल, असं मी म्हटलं. मग मशीनचा आकडा? मशीनमध्ये आधीच्या नमुन्याचं काहीतरी राहून गेलं असेल. एक कारण पुरेना म्हणून मी दोन जोडली. कारलेकाकांच्या कारल्यासारखंच झालं ते. मेथीवाल्या काकांच्या वेळी नळी सापडेपर्यंत मी जागची हलले नव्हते. या वेळी काहीच सापडलं नव्हतं, तरी मी मोकळी झाले, कारण शेवट गोड झाला होता.

दुसऱ्या दिवशी ऋतुजाची आई पेढे घेऊन आली. मावशींनी बशीत काढून सगळीकडे फिरवले. माझ्यापाशी आल्या तेव्हा बशी टेबलावर ठेवून त्यांनी त्या मुलीबद्दल विचारलं, "तां रगत त्या चेडवाचां नाय ना?"

"नाही."

"मगे कोणाचां?"

मी हसले. म्हटलं, "कोणाचं नाही मावशी. मशीनचं चुकलं."

"रगत काय मशीन करता?" त्या म्हणाल्या. पण विचारून झाल्यावर त्यांनीच मान हलवली आणि बशी घेऊन पुढच्या टेबलाकडे गेल्या. पदरामागे एक पेढा तोंडात टाकलेला मी बघितला.

मावशींचा रिपोर्ट त्याआधीच त्यांच्या हातात होता. हिमोग्लोबिन तेरा. पेशी सात हजार. मी थट्टेने म्हटलं होतं, "ठणठणीत आहात. काम टाळायचे बहाणे आता बंद." त्या हसल्या होत्या. दोन जिने न थांबता चढू न शकणाऱ्या, ओठ पांढरे पडलेल्या बाईचं हिमोग्लोबिन तेरा कसं, हा प्रश्न कोणा परक्या बाईबद्दल असता तर मी जागच्या जागी विचारला असता. आजारी निघालेला रिपोर्ट आम्ही दोनदा बघतो. बरा निघालेला कोण बघतं? लॅबच काय, सगळ्या जगाची रीत तीच. आपल्याला नको असलेली गोष्ट समोर आली की आपण पुरावा मागतो. हवी असलेली आली की तिला बसायला पाट देतो. संशय घेता येणं म्हणजे चिकित्सा, असं मी तेहतीस वर्षांतली बरीच वर्षं समजत होते. संशय सगळ्यांकडे असतो. सुटकेचा निःश्वास टाकून झाल्यावर त्याच खुर्चीत परत बसणं कठीण आहे, आणि चिकित्सा तिथे सुरू होते. हे मला कळलं, पण त्याला उशीर झाला होता.

तीन आठवडे गेले. मावशी येत होत्या. रिपोर्ट चांगला म्हणून त्या बळेच काम करत होत्या, आणि रिपोर्ट चांगला म्हणून मी करू देत होते. एका सकाळी त्या आल्या तेव्हा दोन्ही हातांवर काळेनिळे डाग होते, आणि पदराने त्या सारख्या तोंड पुसत होत्या. पदरावर रक्त होतं. हिरड्यांतून येत होतं.

मी त्यांना बसवलं, त्यांना पूर्ण नाव विचारलं, रक्त घेतलं आणि त्यांच्यासमोर नळीवर नाव लावलं. मावशी म्हणाल्या, "माका इसारलंस काय गो?" मला विसरलीस का, असं त्या म्हणत होत्या; मी काच करायला घेतली. काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तेव्हा मला काय दिसणार ते माहीत होतं.

त्या दुपारी मावशींना मोठ्या रुग्णालयात पाठवल्यावर मी जुन्या काचपट्ट्यांचा ट्रे काढला. काचपट्ट्या आम्ही ठेवतो. ऋतुजाच्या पहिल्या नमुन्याची काच आणि मावशींची आजची काच शेजारी शेजारी बघितली. त्याच पेशी. मग चार कागद टेबलावर मांडले. मावशींचा 'ठणठणीत' रिपोर्ट आणि ऋतुजाचा दुसरा रिपोर्ट, एकाच माणसाचे असावेत इतके जवळचे आकडे. ऋतुजाचा पहिला आणि मावशींचा आजचा, तेही एकाच माणसाचे, फक्त मधल्या तीन आठवड्यांत बिघडलेले. कोणाही नव्या मुलीला दहा मिनिटांत दिसलं असतं. त्यासाठी एकच प्रश्न विचारायला हवा होता, आणि तो मावशींनी पेढ्याची बशी हातात घेऊन मला विचारला होता.

मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या की मी तुझ्या उत्तरावर थांबले, ती माझी चूक. लॅबने नोंद केली, मला लेखी ताकीद मिळाली. मला ती कमी वाटली. मावशींना आणि शैलाला सांगायलाच हवं, मी येते, असं मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, आधी मी एकटी जाते.

वॉर्डात मावशी खिडकीकडच्या खाटेवर होत्या. मी बसले आणि सगळं सांगितलं. खिसा, दोन नळ्या, काच, चार कागद. माफी मागितली. मला रडू येत होतं आणि मी ते आवरत होते, कारण रडले असते तर त्यांनी मलाच समजावलं असतं.

मावशी छताकडे बघत होत्या. त्यांनी पहिलं विचारलं ते हे: "त्या चेडवाक कळलां?"

ऋतुजाला कळलंय का, असं त्यांना म्हणायचं होतं. मी नाही म्हटलं.

"सांगू नको. लगीन आसा तेचां. उगाच जल्मभर मनात ऱ्हवात." नाही सांगणार, असा मी शब्द दिला. मग त्या म्हणाल्या, "मी इचारलेलंय गो तुका."

"हो मावशी."

"पण परत इचारूक नाय. तू शिकलेली. म्हटलंय, तुका म्हायत आसात."

माझ्या आयुष्यात मला कोणी इतकं वाईट बोललेलं नाही, आणि त्यांच्या मनात वाईट बोलायचं नव्हतं. दोषातला अर्धा वाटा त्या स्वतःकडे घेत होत्या. मी त्यांचा हात धरला. डाग दुखतात म्हणून त्यांनी तो हळूच सोडवून घेतला आणि दुसरा पुढे केला.

"पेढे मातर बरे होते," त्या म्हणाल्या. "मी दोन खाल्लंय."

अडीच महिन्यांनी त्या गेल्या.

बाराव्याच्या आदल्या दिवशी शैलाने मला दारातच विचारलं, "तीन आठवडे आधी कळलं असतं तर आई वाचली असती का?" तिथले डॉक्टर म्हणाले होते की या वयात, या प्रकारात, तीन आठवड्यांनी काही फरक पडला नसता. मॅडमनीही मला तेच सांगितलं होतं, खांद्यावर हात ठेवून. मला त्यावर विश्वास ठेवायची केवढी इच्छा होती, काय सांगू. शैलाला तेच सांगितलं असतं तर तिनेही कदाचित ठेवला असता. पण मला आतून वडिलांचा आवाज आला, कशावरून? खांद्यावर हात ठेवून दिलेला तो रिपोर्ट मला हवा तसा आला होता, आणि म्हणूनच मला तो घेता येईना. मी म्हटलं, "माहीत नाही, शैला. कदाचित." तिने दार लावून घेतलं. आजही भांडुपच्या बाजारात ती दिसली की रस्त्याच्या पलीकडे जाते. तिचं बरोबर आहे.

त्यानंतर मशीनच्या वर मी एक कागद चिकटवला. त्यावर लिहिलं, 'मग ते रक्त कोणाचं?' फेरतपासणीत वेगळं निघालं की आनंद करायच्या आधी पहिल्या नळीचा मालक शोधायचा, हा नियम झाला. दिवसातले चार चांगले आलेले रिपोर्टही उचलायचे आणि बाहेर जाऊन त्या माणसाच्या चेहऱ्याशी ताडून बघायचे. नव्या मुलींना हा माझा म्हातारचळ वाटायचा. कागद पिवळा पडला की मी नवा लावायचे. मी निवृत्त झाल्यावर तो कोणी बदलतं का, मी विचारलेलं नाही.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी ऋतुजा लॅबमध्ये आली. मी ओळखलं नाही. कडेवर वर्षाचं मूल, हातात डबा. बाळाच्या तपासणीला आली होती, आणि मी अजून इथे आहे का ते बघायला. म्हणाली, आई अजून तुमचं नाव काढते. मग इकडेतिकडे बघून तिने विचारलं, "त्या मावशी कुठे आहेत? आईजवळ बसून राहिल्या होत्या त्या."

"गेल्या," मी म्हटलं. "चार वर्षं झाली."

"अरेरे. काय झालं होतं?"

"आजारी होत्या."

तिने डबा उघडला. पेढे होते. त्याच दुकानाचे, तिच्या आईने आठवणीने तिथूनच आणवले होते. मी एक घेतला. बाळाने माझ्या ॲप्रनच्या खिशात हात घातला होता, तो ती सोडवत होती, आणि सोडवता सोडवताच तिने सहज विचारलं, "मॅडम, तेव्हा माझ्या पहिल्या रिपोर्टचं नेमकं काय चुकलं होतं हो?"

मशीनवरचा कागद तिच्या डोक्याच्या मागे होता. मी मावशींना शब्द दिला होता.

"मशीनचं चुकलं," मी म्हटलं.

मी थांबले. तिने आणखी एक प्रश्न विचारावा म्हणून थांबले, असं आज मला वाटतं. एक जरी विचारला असता तर मी शब्द मोडला असता.

ऋतुजाने मान हलवली आणि डबा परत माझ्यापुढे केला. "अजून एक घ्या ना," ती म्हणाली. मी दुसरा घेतला.